सहा महिन्यांनंतरच्या डॉलरला बँक आजच जास्त भाव देते, तो ठरतो कसा?

टॉवेलवाली

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. माल परदेशात जातो, बिलं डॉलरमध्ये होतात आणि ऑर्डर घेतल्यापासून पैसे खात्यावर यायला साधारण सहा महिने लागतात. हिशेबाचं काम आता माझ्याकडे आहे. परवा बँकेत फॉरवर्डची, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आजच बांधून घेण्याच्या कराराची, चौकशी केली. आकडे गोल करून लिहिते: समजा आज डॉलर 85 रुपये. सहा महिन्यांनी आम्ही जे डॉलर देणार, त्यांना 86 रुपयांच्या आसपास भाव बँक आजच लिहून द्यायला तयार आहे.

घरी यावरून दोन तट पडलेत. बाबा म्हणतात, बँकेला नक्की काहीतरी कळलंय, रुपया पडणार आहे. ती 86 देतेय म्हणजे खरा भाव 88 होणार, मग आपण आत्ताच का बांधून घ्यायचं? काका म्हणतात, बँक कधी स्वतःचा तोटा करून घेत नाही, ज्या अर्थी एक रुपया जास्त देतेय त्या अर्थी कुठेतरी आपल्याकडून काढून घेणार. मला दोघांचंही पटत नाही, पण त्यांना उत्तरही देता येत नाही. हा 86 येतो कुठून?

रोकडवही

ताई, बँकेच्या ट्रेझरीत, म्हणजे चलनाचे आणि कर्जाचे व्यवहार बघणाऱ्या विभागात, माझी बरीच वर्षं गेली. हा प्रश्न निर्यातदारांनी मला सगळ्यात जास्त वेळा विचारला आहे आणि त्याचं नीट उत्तर काउंटरवर फार कमी लोकांना मिळतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक गोष्ट आधी मनातून काढून टाका. फॉरवर्डचा भाव हा अंदाज नाही. तो ठरवताना रुपया वर जाईल की खाली, याचा विचार कोणी करत नाही, करायची गरजच पडत नाही. त्यात फक्त तीन आकडे लागतात: आजचा भाव, रुपयाचं व्याज आणि डॉलरचं व्याज.

धरून चालू की रुपयाचं व्याज वर्षाला 7 टक्के आणि डॉलरचं साडेचार. आता बँक तुम्हाला भाव लिहून देते म्हणजे काय करते ते बघा. तुमचे डॉलर सहा महिन्यांनी येणार हे तिला कळलं. ती आजच डॉलर उसने घेते, बाजारात 85 ला विकते आणि आलेले रुपये 7 टक्क्यांनी लावते. सहा महिन्यांनी तुमचे डॉलर आले की त्यातून डॉलरचं कर्ज फेडते. मधल्या काळात तिला रुपयावर साडेतीन टक्के मिळाले आणि डॉलरवर सव्वादोन टक्के द्यावे लागले. हा जो फरक उरला, तोच तुम्हाला मिळणारा जास्तीचा रुपया. गणित: 85 गुणिले 1.035 भागिले 1.0225, उत्तर 86.04.

म्हणजे काकांनाही उत्तर मिळालं. बँक पदरचे पैसे देत नाही. तिची कमाई तिच्या मार्जिनमध्ये आहे, ते काही पैसे ती या 86.04 मधून कापते. तिथे घासाघीस जरूर करा.

तिरकी रेघ

पण बँकेने 86.04 च का द्यावं? उद्या एखाद्या बँकेला खरंच वाटलं की रुपया 90 होणार, तर ती 87.50 देऊन सगळे निर्यातदार आपल्याकडे ओढेल की.

रोकडवही

करून बघा म्हणावं. बाजारात 87.50 चा भाव कोणी देत असेल तर मी काय करीन? 85 लाख रुपये 7 टक्क्यांनी कर्ज घेईन. सहा महिन्यांनी मला 87,97,500 फेडायचे आहेत. त्या 85 लाखांचे आज एक लाख डॉलर घेईन, साडेचार टक्क्यांनी ठेवीन, सहा महिन्यांनी ते 1,02,250 डॉलर होतील. ते सगळे डॉलर आजच 87.50 ने फॉरवर्ड विकून टाकीन. हातात येणार 89,46,875. कर्ज फेडून 1,49,375 रुपये शिल्लक. यात माझा एक पैसा गुंतलेला नाही आणि रुपया कुठेही गेला तरी मला फरक पडत नाही. असे पैसे रस्त्यावर पडलेले दिसले की सगळ्या बँकांच्या ट्रेझऱ्या धावत सुटतात. सगळेच फॉरवर्ड विकायला लागले की 87.50 टिकत नाही.

उलट कोणी 85.20 देत असेल तर उलटा व्यवहार. एक लाख डॉलर कर्ज घ्यायचं, 85 लाख रुपये करून 7 टक्क्यांनी ठेवायचे, फेडायला लागणारे 1,02,250 डॉलर आजच 85.20 ने फॉरवर्ड घेऊन ठेवायचे. त्याला लागतात 87,11,700 आणि हातात आहेत 87,97,500. फायदा 85,800.

आता 86.04 घालून बघा. 1,02,250 गुणिले 86.04 म्हणजे 87,97,590. दोन्ही बाजूंनी 90 रुपयांचा फरक, तोही पैशातल्या गोळाबेरजेचा. जिथे कोणालाच फुकटचा फायदा काढता येत नाही, तो भाव. डेरिव्हेटिव्हच्या, म्हणजे दुसऱ्या कशाच्या तरी भावावर ज्यांची किंमत ठरते अशा करारांच्या, किमतीचं सगळं शास्त्र या एका कल्पनेवर उभं आहे. पुढे ऑप्शन, स्वॅप काहीही शिका, तिथेही पहिला प्रश्न हाच असतो: हीच गोष्ट मला दुसऱ्या वाटेने तयार करता येते का, आणि तिला किती खर्च येतो?

तिरकी रेघ

गणित पटलं. तरी एक उदाहरण टाकतो. मार्च 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने 5 अब्ज डॉलरचा तीन वर्षांचा स्वॅप केला होता: आज डॉलर घ्यायचे आणि तीन वर्षांनी परत द्यायचे. लिलावात प्रीमियम, म्हणजे आजच्या भावावरची वाढ, ठरला 776 पैसे. तेव्हा डॉलर 69 रुपयांच्या जवळ होता. म्हणजे तीन वर्षांनंतरचा भाव झाला साडेशहात्तरच्या पुढे. आणि मार्च 2022 मध्ये डॉलर खरोखर 76 च्या घरात होता! याला अंदाज नाही तर काय म्हणायचं?

रोकडवही

उदाहरण छान आहे. 69 वर 776 पैसे म्हणजे तीन वर्षांत सव्वाअकरा टक्के, वर्षाला पावणेचारच्या आत. तेव्हाच्या रुपया आणि डॉलरच्या व्याजातला फरक याच्याच आसपास होता. लिलावात भाग घेणाऱ्या बँका तो फरक बघत होत्या. 2022 मध्ये युद्ध होईल, त्याआधी महामारी येईल, हे त्यांच्यापैकी कोणाच्याही गणितात असणं शक्य नव्हतं.

त्याच्या शेजारी 2013 ठेवा. त्या वर्षी मे महिन्याच्या सुरुवातीला डॉलर 54 रुपयांच्या आसपास होता. तीन-चार महिन्यांचा फॉरवर्ड प्रीमियम एक-सव्वा रुपयाच्या पलीकडे जाण्याचं काही कारण नव्हतं. आणि 28 ऑगस्टला डॉलर 68 च्या पुढे गेला. मे महिन्यातला फॉरवर्ड भाव त्या दिवशी चूक होता का? नाही. तो ज्या प्रश्नाचं उत्तर होता, त्या प्रश्नाचं बरोबर उत्तर होता.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. आपल्याकडे परदेशी चलनाचं कर्ज हवं तेव्हा, हवं तितकं कोणालाही मिळत नाही, भांडवलाच्या ये-जा करण्यावर बंधनं आहेत. शिवाय रिझर्व्ह बँक स्वतः फॉरवर्ड बाजारात उतरते. त्यामुळे प्रत्यक्ष प्रीमियम व्याजातल्या फरकापासून कधी थोडा वर, कधी थोडा खाली असतो. गणित खुंटा आहे, दोर थोडा सैल असतो.

सांगलीचा अडत्या

डॉलरचं ठीक आहे हो. आमच्या हळदीला हे गणित लावून दाखवा. वायद्यात, म्हणजे एक्स्चेंजवरच्या पुढच्या तारखेच्या सौद्यांत, हळदीचा पुढच्या महिन्याचा भाव कधी आजच्यापेक्षा जास्त, कधी चक्क कमी. व्याज कधी उणे असतं का?

रोकडवही

तुम्हीच सांगा, आज घेतलेली हळद चार महिने ठेवायला तुम्हाला किती खर्च येतो?

सांगलीचा अडत्या

सोपा हिशेब धरा. क्विंटलला 13,000 भाव. पैसे 10 टक्क्यांचे, चार महिन्यांचे 433. गोदाम भाडं, विमा, हमाली, कीडनाशकाची धुरी मिळून 90 धरू. वजनात घट एक टक्का, 130. झाले 653. म्हणजे मी चार महिन्यांनी 13,653 च्या खाली विकलं तर हात पोळले.

रोकडवही

हाच तुमचा फॉरवर्ड भाव, किमान त्याची वरची मर्यादा. वायदा 14,200 झाला तर तुम्ही आज हळद घ्याल, एक्स्चेंजच्या मान्य गोदामात टाकाल, वायदा विकाल आणि मुदतीला माल देऊन मोकळे व्हाल. क्विंटलमागे साडेपाचशेच्या जवळ सुटतात. तुमच्यासारखे दहा जण आले की वायदा खाली येतो. म्हणून वरच्या बाजूला छत पक्कं असतं.

खालच्या बाजूला तसं नसतं, आणि गंमत तिथेच आहे. वायदा 12,400 झाला, तर उलटा व्यवहार काय? आज हळद विकायची आणि चार महिन्यांनी स्वस्तात परत घ्यायची. डॉलर उसने मिळतात. हळद कोण उसनी देतं?

सांगलीचा अडत्या

कोणी नाही. ज्याच्याकडे माल पडून आहे तो विकू शकतो, पण तोसुद्धा सगळा विकत नाही. मसाल्याच्या कारखान्याला रोज पोती फोडायची असतात, त्याचं पिसाईयंत्र वायद्याच्या कागदावर चालत नाही. आणि वायद्यात मिळणारी हळद निजामाबादची, त्याला हवी असते आमची राजापुरी. तो हातातलं सोडत नाही.

रोकडवही

पुस्तकात जे पानभर लिहितात ते तुम्ही चार वाक्यांत सांगितलंत. माल हाताशी असण्याला स्वतःची एक किंमत असते. जुनं पीक संपत आलंय, फेब्रुवारी-मार्चच्या नव्या आवकेला वेळ आहे, अशा दिवसांत ती किंमत भडकते आणि आजचा भाव पुढच्या भावाच्या वर जातो. त्या वेळी खर्च सगळे तेच असतात, फक्त त्यातून ही किंमत वजा होते. नवी आवक सुरू झाली, गोदामं भरली, की ती जवळजवळ शून्यावर येते आणि वायदा पुन्हा तुमच्या 13,653 च्या हिशेबाकडे सरकतो. दोन वेगवेगळ्या महिन्यांच्या वायद्यांतल्या भावांचा फरक नुसता बघूनही बाजारात मालाची टंचाई आहे की रेलचेल, ते बऱ्यापैकी कळतं.

बीजगणित

शेअरचंही यातच बसतं. हजाराचा शेअर, 7 टक्के व्याज, महिन्याचा वायदा 1,006 च्या जवळ. मधे 20 रुपये लाभांश असेल तर तो वजा, वायदा 986. लाभांशाच्या आधी 'वायदा स्वस्त मिळतोय' म्हणून उड्या मारणाऱ्यांनी एवढं वाचलं तरी पुरे.

आणि साठवणुकीचा खर्च काय करू शकतो याचं टोक म्हणजे 20 एप्रिल 2020. अमेरिकेतल्या कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे 37.63 डॉलरवर बंद झाला. त्या वायद्याचं तेल ओक्लाहोमातल्या कुशिंगला घ्यावं लागतं आणि तिथे जागाच मिळत नव्हती. टाक्या एकतर भरलेल्या, नाहीतर आधीच कोणीतरी राखून ठेवलेल्या. तेल ठेवायला जागा नाही म्हणजे साठवणुकीचा खर्च कितीही वाढू शकतो. लोक पिंप घेऊन जा आणि वर पैसेही घ्या म्हणाले. आपल्या एमसीएक्स या वायदा एक्स्चेंजवर टाळेबंदीमुळे व्यवहार संध्याकाळी पाचला बंद होत होते, तेव्हा भाव अजून साडेनऊशेच्या पुढे होता. अमेरिकेत रात्रीत जे झालं त्यावरून इथला सौदा पिंपाला उणे 2,884 रुपयांनी मिटवला गेला. ज्यांनी 'तेल शून्याखाली थोडंच जाणार' म्हणून खरेदी धरली होती, त्यांना बाहेर पडायला वेळच मिळाला नाही.

औसा रोड

लातूरकडचा सोयाबीनवाला आहे. वाचून मनात आलं ते लिहितो. आमच्याकडे हे सगळं ऐकीव. 20 डिसेंबर 2021 ला बाजार नियंत्रक सेबीने सोयाबीन, हरभरा, मोहरी, गहू, बिगरबासमती भात, मूग, कच्चं पामतेल या सातांचे वायदे थांबवले आणि मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली. 2021 च्या ऑगस्टमध्ये आम्ही दहा हजारांच्या घरातला भाव पाहिला. 2024 ला हमीभाव 4,892 आणि मोंढ्यात त्याच्याही खाली. पेरताना चार महिन्यांनी काय भाव मिळेल याचा काही तरी आकडा समोर असता तर सोयाबीन की तूर याचा निर्णय तरी डोळसपणे केला असता. गावातला व्यापारी फॉरवर्ड करायला तयार असतो, पण भाव वाढला तर शेतकरी माल दुसरीकडे घालतो आणि पडला तर व्यापारी ओलाव्याचं कारण सांगून पोती परत पाठवतो. दोन्ही पाहिलंय.

रोकडवही

दादा, तुम्ही फॉरवर्डच्या सगळ्यात दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. दोघांतला करार आहे, मुदतीच्या दिवशीच हिशेब होतो आणि तोवर भाव एका बाजूला लांब गेला की शब्द मोडायचा मोह वाढत जातो. एक्स्चेंजचा वायदा यावरच उपाय म्हणून आला: दोघांच्या मधे हमी देणारं क्लिअरिंग उभं राहतं, मार्जिन म्हणजे अनामत आधी घेतं आणि भावातला फरक रोजच्या रोज वसूल करतं. त्यामुळे एका दिवसापेक्षा जास्तीचं देणं साचत नाही.

वायदा बंद केल्याने भाव वाढायचा थांबतो असं मला वाटत नाही. टंचाई असेल तर बाजार समितीतही भाव वाढतोच. बंदीने जातो तो पुढचा भाव दिसण्याचा मार्ग, आणि ज्यांच्याकडे गोदाम नाही त्यांना तो सगळ्यात जास्त हवा असतो. शेतकरी कंपन्या एकत्र येऊन वायद्यात हात घालायला लागल्या होत्या, तेव्हाच दार बंद झालं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अंजनीसुत

एक बाजू राहतेय. सेबीच्याच अभ्यासात 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत शेअर बाजारात फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी 93 टक्के तोट्यात होते, एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. माझ्या ओळखीतल्या पोरांनी घरचे पैसे घालवलेत. डेरिव्हेटिव्हचं गुणगान करताना हेही लिहा.

रोकडवही

लिहायलाच हवं, आणि तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. टॉवेलवाली ताईंकडे येणारे डॉलर आहेत, अडत्यांकडे हळद आहे, औसा रोडच्या दादांच्या शेतात सोयाबीन उभं आहे. त्यांच्या अंगावर जोखीम आधीच आहे, फॉरवर्डने ती उतरते. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, तो नवी जोखीम विकत घेतो. करार तोच, पण दोघांचं काम वेगळं. माझा मुलगा पहिल्या गटात असेल तर मी त्याला शिकवीन, दुसऱ्या गटात असेल तर हात धरून थांबवीन.

टॉवेलवाली

खूप आभार सगळ्यांचे. बाबांना 87.50 वालं उदाहरण कागदावर करून दाखवलं, त्यांना पटलं. काकांचा मात्र राग वेगळाच निघाला. मागे त्यांनी असंच भाव बांधून घेतलं होतं, मधे डॉलर वाढला आणि बँकेच्या कागदावर आमच्या नावापुढे उणे आकडा दिसायला लागला. 'आपण काहीच केलं नाही तरी तोटा कसा?' म्हणून त्यांनी तेव्हापासून फॉरवर्ड बंदच केलं. हा आकडा काय असतो?

रोकडवही

हा आकडा बघून चांगले चांगले निर्यातदार बिथरतात. करार करताना त्याची किंमत शून्य असते, म्हणूनच आज कोणी कोणाला काही देत नाही. नंतर भाव हलला की किंमत तयार होते. समजा तुम्ही एक लाख डॉलर 86.04 ने बांधले. तीन महिन्यांनी डॉलर 87 झाला. उरलेल्या तीन महिन्यांचा नवा फॉरवर्ड काढा: 87 गुणिले 1.0175 भागिले 1.01125, म्हणजे 87.54. आज करार केला असता तर दीड रुपया जास्त मिळाला असता. एक लाख डॉलरवर दीड लाख, तेही तीन महिन्यांनी मिळणारे, म्हणून आजच्या किमतीत 1.47 लाखांच्या आसपास. कागदावर तेवढे उणे.

पण काकांना विचारा, त्या वेळी तुमचं एक लाख डॉलरचं बिलही रुपयांत तेवढंच वाढलं होतं ना? ते बँकेच्या कागदावर दिसत नाही, कारण ते तुमच्या वहीत आहे. दोन्ही एकत्र धरा, तुम्हाला मिळणार 86.04, जे तुम्ही ऑर्डर घेताना ठरवलं होतं. करार मधेच मोडला तरच तो उणे आकडा खिशातून जातो. म्हणून ऑर्डर रद्द होण्याची भीती असेल तर सगळी रक्कम बांधू नका.

आणखी एक गोष्ट, जी घरच्या सगळ्यांना उपयोगी आहे. तुम्ही पॅकिंग क्रेडिट, म्हणजे माल पाठवण्याआधी ऑर्डरवर मिळणारं कर्ज, रुपयात घेता की डॉलरमध्ये?

टॉवेलवाली

डॉलरमध्ये, म्हणजे पीसीएफसी (परदेशी चलनातलं पॅकिंग क्रेडिट). व्याज कमी पडतं म्हणून. काही ऑर्डरना रुपयात.

रोकडवही

मग ज्या ऑर्डरवर पीसीएफसी घेतलंय, तिथे तेवढ्या रकमेचा फॉरवर्ड तुम्ही स्वतःच्या हाताने आधीच केलाय. डॉलर उसने घेतले, 85 ला विकले, बिल आलं की त्यातून फेडणार. बँक तुमच्यासाठी जे करते तेच. त्यावर पुन्हा फॉरवर्ड घेतला तर एकाच बिलावर दोनदा बांधणी होईल. आणि 'डॉलरचं कर्ज स्वस्त' हेही तपासून बघा: रुपयात 9 टक्के व्याज आणि वर फॉरवर्डचा प्रीमियम वर्षाला सुमारे 2.4 टक्के मिळतोय, म्हणजे निव्वळ 6.6 च्या आसपास पडलं. पीसीएफसी साडेसहाला मिळत असेल तर दोघांत फारसा फरक उरत नाही. कधी एक स्वस्त, कधी दुसरं. दर वेळी दोन्ही भाव मागवून तुलना करा.

टॉवेलवाली

हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. शेवटचं एक विचारते. बोट कधी लागेल, गिऱ्हाईक कधी पैसे पाठवेल याचा नेम नसतो. बँक म्हणाली, एक तारीख नको, पाचव्या आणि सहाव्या महिन्यात कधीही डॉलर द्या. हे सोयीचं वाटतंय. घेऊ का?

रोकडवही

घ्या, पण त्याची किंमत बघून घ्या. तुम्ही कोणत्या दिवशी द्याल हे बँकेला माहीत नाही, म्हणून ती प्रीमियम मुदत उघडते त्या पहिल्या दिवसापर्यंतचाच धरते. पाचव्या महिन्याच्या सुरुवातीपासूनची मुदत म्हणजे चारच महिन्यांचा प्रीमियम, 1.04 ऐवजी सत्तर पैशांच्या आसपास. डॉलर शेवटच्या दिवशी दिलेत तरी तेवढाच. गिऱ्हाईकाच्या मागच्या बिलांच्या तारखा काढा, पैसे खरोखर किती दिवसांच्या अंतरात येतात ते बघा आणि तेवढीच मुदत मागा. पंधरा दिवसांची चालत असेल तर दोन महिन्यांची घेऊ नका.

टॉवेलवाली

गेल्या वर्षीची सगळी बिलं काढून तारखा लावायला बसते. अमेरिकेतलं जे जुनं गिऱ्हाईक आहे त्याचे पैसे बहुतेक वेळा शेवटच्या दहा-बारा दिवसांतच येतात असं वरवर बघता दिसतंय. तसं निघालं तर त्याच्यापुरती छोटी मुदत मागते, नव्या गिऱ्हाइकाला मोठी. बँकेने काय भाव दिला ते इथेच लिहीन.